पोहणं, सायकल, पळणं आणि आत्याबाई

निवृत्तीनंतर नवीन ओळख झालेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुम्ही नोकरीत काय करत होता?" मी सांगते, "सकाळी पोहायचे, मग सायकल चालवायचे, मग पळायचे. उरलेल्या वेळात टपालावर शिक्के मारायचे." समोरचा आधी हसतो. मी थट्टा करत नाही हे लक्षात आलं की माझ्याकडे निरखून बघतो. म्हणून या अंकासाठी लिहायचं ठरलं, तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकू.

त्या काळी सरकारी खाती खेळाडूंना नोकरीवर घेत. खात्याच्या नावाने मैदानात उतरायचं, पदकं आणायची आणि त्याबद्दल महिन्याचा पगार घ्यायचा. खेळाडूंना दुपारपर्यंत सरावाची सवलत असे. दुपारी कार्यालयात गेलं की बाकीचे लोक डोळे वर करून बघत. आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ रोज एकच वाक्य म्हणत, "आल्या बाई, खेळून दमून!" मीही रोज हसून खुर्चीत बसत असे. त्यांचं तरी काय चुकत होतं? ते सकाळपासून मान मोडून फायली लिहीत आणि मी ओल्या केसांनी येऊन त्यांच्या शेजारी बसायची.

माझं बालपण नागपूरच्या सक्करदऱ्याचं. साठच्या दशकात आमच्या घरापासून तलाव हाकेच्या अंतरावर होता. बाबा मिलमध्ये होते. पाळी संपवून आले की आम्हा भावंडांना तलावावर न्यायचे आणि पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडायचे. पुढे डबा सुटला, पाणी सुटलं नाही. सायकल आली ती कॉलेज लांब होतं म्हणून. पळणं आलं ते शाळेतल्या बाईंमुळे. त्यांना शर्यतीसाठी एक मुलगी कमी पडत होती. थोडक्यात, तिन्ही गोष्टी मी ठरवून शिकले नाही, त्या अंगाला चिकटल्या.

खात्याने मला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पोहण्यासाठी घेतलं. पण खरं सांगायचं तर तिन्ही खेळांत मी मधली होते. पोहण्याच्या चौघींच्या संघात मी असायची, पण एकटीच्या शर्यतीत पहिली कधी आले नाही. सायकलच्या शर्यतीत दोघीतिघी पुढे असायच्याच. पळण्यात मी शेवटपर्यंत टिकायची, पण सुरुवातीलाच मागे पडलेली असायची. आमचे क्रीडा सचिव साठवणे साहेब भला माणूस. ते म्हणायचे, "बाई, तुम्हाले कोणत्या खेळात टाकावं हेच समजत नाही. टाकलं की तुम्ही चालता, पण जिंकत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नसे. तरी ते वाक्य घरी जाईपर्यंत सायकलच्या मागे मागे येई.

लग्न झालं, मुलगी झाली. सराव पुन्हा सुरू केला तेव्हा खात्यातल्या लोकांनी माझं नाव मनातून पुसून टाकलं होतं. पण मला पाण्यावाचून राहवत नव्हतं. सासर आमच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर, म्हणजे तलाव तोच. मी भल्या सकाळी एकटी जायची, काठावर कपडे ठेवायची आणि पाण्यात शिरायची.

एका सकाळी मधोमध पोहोचले तर मागून कोणीतरी ओरडलं, "बाई! मरू नका बाई! लेकरांचा विचार करा!" वळून बघते तो काठावर दुधाचे डबे आडवे पडलेले आणि एक दूधवाला धोतरासकट पाण्यात उडी मारून माझ्या दिशेने येतोय. चार हात मारले आणि धोतर पायात गुंडाळलं. मग तो खाली जायला लागला. मी उलटी फिरले, मागून त्याची बंडी मानेशी धरली आणि ओढत काठावर आणलं. पाणी ओकून झाल्यावर तो मला म्हणाला, "बाई, मी तं तुम्हाले वाचवायले आलतो."

"कळलं दादा. पण मी रोज पोहते इथं."

"काहून?" त्याने अगदी मनापासून विचारलं. का पोहते ते सांगायच्या आत तो उठून चालायला लागला.

आमच्या गल्लीत त्याचा रतीब होता, तो ओल्या धोतराने सरळ आमच्या घरी गेला आणि माझ्या सासूबाईंना सगळं सांगून आला. सासूबाईंचं नाव भागीरथाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ठेंगणा बांधा, नऊवारी लुगडं, तंबाखूने काळे पडलेले दात आणि आवाज असा की गल्लीच्या टोकावरची कुत्री उठून बसावीत. मी घरी पोहोचले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. वाटलं, आता पोहणं बंद.

"तुले बुडती समजून लोक उड्या मारून राहिले," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी येतो तुह्यासंगं. काठावर कोणी बसून दिसलं की लोकायले समजते, बाई मराले नाही आली."

दुसऱ्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. काठावर माझ्या कपड्यांजवळ बसायच्या, मांडीवर माझी झोपाळलेली मुलगी आणि हातात काठी. कोणी थांबून बघायला लागलं की काठी वर करून विचारायच्या, "काय पाहून राहिला गा? माही सून पोहून राहिली. पाह्यलं ना? मंग जा आता." असा पहारा मला कुठल्याही खात्याने कधी दिला नव्हता. एवढी हौस का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आत्याबाईंना कारणं विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

ऐंशी साल उलटल्यावर साठवणे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पडलेला होता. "बाई, समितीनं तुमचा विषय काढला. म्हणतात, किती दिवस झाले, पदक नाही. या मोसमात काही दाखवलं नाही तर खेळाडूंमधून नाव काढतील आणि गोंदियाला बदली करतील."

मुलगी शाळेत जायला लागली होती. नवऱ्याची मास्तरकी नागपुरातच होती. साहेबांनी खिडकीबाहेर बघत पुढचं सांगितलं, "आपल्या शहरातला एक क्लब एक अजब शर्यत घेऊन राहिला. आधी तलावात पोहायचं, मग लगेच सायकल, मग लगेच पळायचं. मधात थांबायचं नाही. ट्रायथलॉन म्हणतात. मी त्यांचं पत्रक वाचलं आणि मले पहिले तुमचंच तोंड दिसलं."

कुठल्याही एका खेळात पहिल्या न येणाऱ्या बाईसाठी हा खेळ जणू कोणी मुद्दाम शोधून काढला होता. मी हो म्हणाले.

आता या खेळात नेमकं काय असतं ते सांगते. बघणाऱ्याला वाटतं, पोहणं कठीण, सायकल कठीण, पळणं कठीण. खरं कठीण असतं ते या तिन्हींच्या मधलं. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं गरगरतं, कारण इतका वेळ आडवं असलेलं शरीर एकदम उभं होतं. बोटं गारठलेली असतात आणि बुटाची नाडी सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे सायकलवरून उतरून पळणं. पाय अजून गोल फिरायच्या नादात असतात. तुम्ही त्यांना पुढे टाका म्हणता आणि ते ऐकत नाहीत. गुडघ्याखाली लाकडं बांधल्यासारखं वाटतं. हे थोड्या वेळाने जातं, पण जाईल यावर विश्वास बसायला ते आधी बरेचदा सोसलेलं असावं लागतं.

म्हणून मी काटोल रोड धरला. सुट्टीच्या दिवशी नागपूरहून काटोलपर्यंत सायकल मारायची आणि तिथे पोहोचल्यावर उतरून बाजाराला फेऱ्या घालत पळायचं. संत्र्याचा हंगाम होता. गाड्यांवर गाड्या, ढिगांवर ढीग आणि त्यातून एक बाई घामाघूम होऊन पळतेय. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला थांबवलं. "काहून वं माय, एस्टी चुकली का?"

"नाही बाबा, सायकलने आले नागपूरहून."

"सायकलनं?" त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "कोणी मेलं का घरी? सांगावा घेऊन आली का?"

सराव करतेय म्हटल्यावर त्याने ओंजळभर संत्री पुढे केली. मी सगळी खाल्ली आणि परतीच्या वाटेवर पोटाने जो काही तमाशा केला तो लिहिण्याजोगा नाही. शर्यतीआधी आणि मधे काय खाऊ नये हे मी असं काटोलच्या बाजारात शिकले.

घरी आत्याबाईंनी दुसरी बाजू हातात घेतली होती. भिजल्या अंगावर कपडे चढत नाहीत हे त्यांनी काठावरून रोज पाहिलं होतं. त्यांनी सैल सदरा शिवला, त्याला समोरून मोठाली बटणं लावली. विजारीला नाडीऐवजी इलास्टिक घातलं. मग अंगणात तालीम सुरू झाली. मी घागरभर पाणी अंगावर ओतून घ्यायची, धावत येऊन सदरा चढवायची, बूट घालायची आणि सायकलवर बसायची. कुंपणापलीकडे शेजारणी पदर तोंडात धरून हसायच्या. एकदा मी घाईत पाय न पुसता बूट घातले आणि त्या दिवशी टाचेला मोठा फोड आला. आत्याबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "घोडा धावते ना, थो खुराच्या भरोशावर धावते. तू पाय पुसत जा."

शर्यत थंडीत होती, फुटाळा तलावावर. पुरुष पुष्कळ होते, बाया आम्ही चौघी. त्यातली पुण्याची लीना पोहण्यातली नावाजलेली मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. तिचे खांदे पाहून मी नजर तलावाकडे वळवली. चौघींसाठी वेगळी सुरुवात कशी करायची म्हणून आयोजकांनी आम्हाला पुरुषांबरोबरच पाण्यात उतरवलं.

शिट्टी वाजली आणि पाण्याचं रणांगण झालं. कोणाची लाथ माझ्या छातीत, कोणाचा हात डोक्यावर. एकाने तर घाबरून माझा पायच धरला. तो मी झटकून सोडवला आणि कडेला सरकले, थोडं लांबून पण मोकळ्या पाण्यातून गेले. थंडीने दात वाजत होते. लीना केव्हाच दिसेनाशी झाली होती. मी काठाला लागले तेव्हा बायांमध्ये दुसरी होते, पण पहिलीत आणि माझ्यात भलं मोठं अंतर होतं.

कपडे बदलायच्या जागेभोवती दोरी बांधली होती. खेळाडूला कोणी मदत करायची नाही असा नियम. आत्याबाई दोरीला पोट लावून उभ्या होत्या. एक स्वयंसेवक त्यांना सांगत होता, "आजी, मागं व्हा. आत यायचं नाही."

"मी बाहेरच आहो ना, बापू," आत्याबाई म्हणाल्या. "आवाजाले का दोरी बांधतं?" आणि तो प्रसिद्ध आवाज सुटला, "सुलोचने! पाय पूस! पाय पूस आधी! मंग पळ!"

भोवतीचे लोक हसले. मी पाय पुसले, बोटांच्या मधले सुद्धा. मग सायकल घेतली आणि काटोल रोडला लागले. हा रस्ता माझा होता. चढ कुठे आहे, खड्डा कुठे आहे, ट्रक कुठे वळतात, सगळं ठाऊक होतं. बरेच पुरुष मागे टाकले. त्यातला एक जण दुखावल्या आवाजात म्हणाला, "अरे भाभी, जरा धीरे!" परतताना वारा तोंडावर होता. मान खाली घालून पायडल मारत राहिले. लीना मात्र अजून दिसत नव्हती. मनात गोंदिया येत होतं. मुलीची शाळा येत होती. मी दोन्हींना बाजूला सारत होते आणि ती पुन्हा येत होती.

सायकल ठेवून पळायला लागले तेव्हा पायांनी अपेक्षेप्रमाणे संप केला. मी त्यांना काही म्हटलं नाही. लहान लहान पावलं टाकत राहिले, काटोलच्या बाजारात टाकायची तशी. सेमिनरी हिल्सचा चढ सुरू झाला आणि पाय परत माझे झाले. वळणावर वर पाहिलं तर झाडांखाली लीना. ती पळत नव्हती. कमरेवर हात ठेवून चालत होती आणि दर थोड्या वेळाने मांड्यांवर बुक्क्या मारत होती.

तिला गाठलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "ताई, माझे पाय माझे वाटतच नाहीयेत."

"सायकलनंतर पळून पाहिलं होतंस कधी?"

"नाही. वेगवेगळंच केलं सगळं."

"मग थांबू नको. हळू पळ. चढ संपेपर्यंत येतील परत."

मी पुढे गेले. मागे तिची पावलं सुरू झाल्याचं ऐकू आलं, आणि खरं सांगते, जरा धास्तीच वाटली, कारण ती पोरगी वाघीण होती. उतारावर तिची पावलं जवळ येऊ लागली. मी मागे बघितलं नाही. तलाव दिसला, गर्दी दिसली, आडवी बांधलेली फीत दिसली. आत्याबाईंचा आवाज कुठूनतरी येत होता, शब्द कळत नव्हते. छातीला फीत लागली तेव्हा मला आधी वाटलं, कोणाचं तरी लुगडं अडकलं. लीना माझ्या मागोमाग आली आणि माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघीही उभ्या राहू शकत नव्हतो, म्हणून तशाच एकमेकींना धरून राहिलो.

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिली आले होते.

खात्यात मात्र वेगळंच घडलं. समितीतल्या एकाने विचारलं, "हा कोणता खेळ? आपल्या यादीत नाही." साठवणे साहेब शांत माणूस, पण त्या दिवशी ते उभे राहिले. "पोहणं यादीत आहे? सायकल आहे? धावणं आहे? मग बाईंनी तिन्ही एकाच सकाळी केले, हा त्यांचा गुन्हा होय का?" समितीने फाईल मिटवली. माझं नाव राहिलं, बदली टळली. टेबलावरच्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "या बाई, खेळून दमून." वाक्य तेच होतं, पण ते ऐकायला मला फार गोड लागलं.

त्यानंतर मी आणखी काही शर्यती केल्या, परगावीही गेले. काही जिंकले, काही हरले. हा खेळ आपल्याकडे दहा वर्षं आधी आला असता तर, असं आजही एखादे वेळी मनात येतं. पाय ताजे होते तेव्हा मी तीन वेगवेगळी दारं ठोठावत फिरले. पण जे दार उघडलं त्यातून मी मान ताठ ठेवून आत गेले, हेही तितकंच खरं.

मला सांगायची आहे ती शेवटची गोष्ट मात्र कुठल्याच शर्यतीतली नाही. फुटाळ्याच्या शर्यतीनंतर थोड्याच दिवसांनी आत्याबाई म्हणाल्या, "माह्या माहेरी चालतं का? पोहायचे कपडे घेजो." त्यांचं माहेर उमरेडच्या बाजूचं एक खेडं. बसने गेलो. भावाच्या घरी चहा झाला आणि त्या मला गावच्या तळ्यावर घेऊन गेल्या. दगडी पायऱ्यांचा सुंदर घाट होता. वर वडाचं झाड. पलीकडे, पाणी बाहेर पडायच्या बाजूला, चिखलात म्हशी बसल्या होत्या.

"आम्ही तिकडून पाणी भरो," त्यांनी म्हशींकडे हात केला. "हा घाट आमचा नव्हता. मी इतकुशी असताना माहा हंडा हातचा सुटला आन् तरंगत इथी आला. थो धराले मी या पायऱ्या उतरली. दोन-चार पायऱ्या. माह्या बापाले चावडीवर बोलावलं आन् सगळ्यायपुढं हात जोडाले लावले. हंडाही वापस नाही देल्ला." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "मंग धम्माची दीक्षा घेतली, नागपूरले आलो, सगळं झालं. पण मी या पाण्याकडे आली नाही कधी."

इतकी वर्षं ही बाई काठावर बसून माझ्याकडे काय बघत होती, ते मला त्या घाटावर समजलं.

"इथून उतर," त्या म्हणाल्या, "आन् पार तिकडं जाऊन ये."

मी घाटाच्या मधल्या पायरीवरून पाण्यात शिरले. इतक्या शर्यती केल्या, पण इतकं नीट, इतकं सावकाश मी कधी पोहले नव्हते. प्रत्येक हात पूर्ण टाकला. परत फिरले तेव्हा वडाखाली माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं, "कोण होय वं ते?"

"माही सून होय," आत्याबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "नागपूरले पहिली आली."

एका म्हाताऱ्याने मान हलवली आणि बाजूला सरकून त्यांना बसायला जागा केली. पण आत्याबाई तिथे बसल्या नाहीत. लुगडं सावरत त्या खाली आल्या आणि पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या पायरीवर, पाय घोट्यापर्यंत बुडवून बसल्या.

मी काठाला हात लावला. दम घेतला आणि विचारलं, "निघायचं का आत्याबाई? बसची वेळ होत आली."

"बस जाऊ दे," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "आणखी एक चक्कर मार."